उन्हाची बातमी, सावलीतला वाचक

प्रायश्चित्तकाळ सरत येतो, झावळ्यांचा रविवार जवळ येतो आणि त्याच सुमारास आपल्या दारात पडणाऱ्या वर्तमानपत्रात एक बातमी हमखास उगवते. तिचा साचा आता आपल्याला पाठ झाला आहे. मथळ्यात ‘पारा चाळिशीपार’ किंवा ‘अंगाची लाहीलाही’. त्याखाली ओढणीने चेहरा झाकून चाललेल्या तरुणींचे, नाहीतर उसाच्या रसाच्या गाडीभोवती जमलेल्या घोळक्याचे छायाचित्र. मग वेधशाळेचा आकडा, पूर्वीचा उच्चांक कोणत्या वर्षी होता याची आठवण आणि शेवटी चौकटीत ‘काय करावे, काय करू नये’. वर्ष बदलते, आकडा बदलतो, छायाचित्रातील चेहरे बदलतात. बातमी बदलत नाही.

साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात बातमीची समीक्षा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. आपल्या घरांत कादंबरी वर्षातून दोन-चार वेळा उघडली जाते, कवितासंग्रह त्याहून कमी. परंतु बातमीचे गद्य आपण रोज वाचतो व ऐकतो. जगाकडे पाहण्याची आपली दृष्टी या गद्याने घडते. ते कोणाला कर्ता करते, कोणाला कर्म करते आणि कोणाला वाक्याबाहेर ठेवते, हे तपासणे समीक्षेचे काम नसेल तर समीक्षेला दुसरे कोणते मोठे काम उरले?

आधी स्थळ पाहू. मानपाडा या नावाच्या दोन वस्त्या आपल्या परिसरात आहेत. एक ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरची. तिच्या पाठीशी येऊरचे डोंगर आणि राष्ट्रीय उद्यानाचे रान. दुसरी डोंबिवलीच्या पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्यालगतची, औद्योगिक वसाहतीच्या शेजारची. दोन्हीकडे उंच इमारती आल्या, दोन्हीकडे मेट्रोचे खांब उभे राहिले. आणि दोन्हीकडे ते उभे करणारी माणसे वैशाखाच्या उन्हात, डोक्यावर पिवळे शिरस्त्राण घालून, लोखंडी सळ्यांवर वाकलेली आपण जाता-येता पाहिली आहेत. सळई उन्हात किती तापते हे ज्याने तिला उघडा हात लावला त्यालाच कळते. एप्रिलमधील बातमीत या दोन्ही मानपाड्यांचे तापमान शोधा. बहुधा ते सापडणार नाही. सापडतील ती दोन नावे: सांताक्रूझ आणि कुलाबा.

याला शास्त्रीय कारण आहे. मुंबईचे म्हणून जे तापमान सांगितले जाते ते प्रामुख्याने या दोन जुन्या वेधशाळांचे असते. दिनांक १६ एप्रिल २०२४ रोजी सांताक्रूझला ३९.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या पानापानांवर तो आकडा झळकला. त्याच दिवसांत मुंबई, ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांसाठी हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता. पुढल्या वर्षी, २०२५ मध्ये, असा इशारा फेब्रुवारीच्या अखेरीसच आला. राखेचा बुधवारही तेव्हा उजाडायचा होता. कोकणपट्टीत हे घडते ते बहुधा वाऱ्याच्या उशिरामुळे. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे वेळेवर आले तर किनारा थंडावतो. पूर्वेकडून येणारे कोरडे, तापलेले वारे जोरात असले तर खाऱ्या वाऱ्यांना उशीर होतो आणि पारा चढत राहतो. समुद्रापासून जितके आत जावे तितका हा उशीर अधिक जाचतो. म्हणून ठाणे, कल्याण, डोंबिवली, बदलापूर येथील खाजगी हवामान-निरीक्षक चाळिशीच्या पुढचे आकडे सांगतात, तेव्हा त्यात नवल काही नाही. नवल आहे ते याचे की, बातमी ‘मुंबईकर घामाघूम’ म्हणून मोकळी होते आणि डोंबिवलीकराला आपला ताप दुसऱ्याच्या नावाने वाचावा लागतो.

हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश, किनारपट्टीवर किमान ३७ अंश, आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंश वा अधिक चढलेले असले, म्हणजे ‘उष्णतेची लाट’ म्हणतात. किनाऱ्यासाठी मर्यादा खाली ठेवली, कारण येथील हवा दमट असते. घाम वाळतो तेव्हा शरीर थंड होते. दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता ओघळतो. अकोल्याचे ४४ आणि डोंबिवलीचे ३९ यांची तुलना केवळ आकड्याने करता येत नाही ती यामुळे. हे दोन वाक्यांत सांगता येण्याजोगे ज्ञान आहे. तरी बातमीला तुलनेचा मोह सुटत नाही आणि ‘विदर्भ होरपळला’ या मथळ्याखाली कोकणचा आकडा लहान दिसून निरुपद्रवी ठरतो.

आकड्याच्या या हव्यासाचा कळस ३० मे २०२४ च्या सुमारास नागपुरात झाला. एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखविले. हा आकडा देशभर पोहोचला. वाहिन्यांच्या पडद्यावर तांबड्या अक्षरांत तो नाचला. मागाहून हवामान खात्याने खुलासा केला की, यंत्राच्या संवेदकात दोष होता आणि खरे तापमान त्याहून कितीतरी खाली होते. त्याच आठवड्यात दिल्लीतील मुंगेशपूरच्या ५२.९ अंशांचेही असेच झाले. चूक यंत्राची होती, हे मान्य. परंतु यंत्राचा शब्द पडताळून न पाहता उचलण्याची घाई यंत्राची नव्हती. नागपुरात त्या दिवशी जे खरे तापमान होते तेही हातगाडी ओढणाऱ्याला पुरेसे जीवघेणे होते. ते मात्र ५६ च्या शेजारी फिके पडले.

या उलट बाजूचे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. दिनांक १६ एप्रिल २०२३, पुनरुत्थानाच्या सणानंतरचा रविवार. ईश्वरी दयेचा रविवार म्हणून आपण तो पाळतो. त्या दिवशी नवी मुंबईत खारघरच्या मोकळ्या मैदानावर ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराचा सोहळा झाला. आप्पासाहेब धर्माधिकारी यांच्यावरील श्रद्धेपोटी लक्षावधी माणसे आली होती आणि भर दुपारपर्यंत ती उघड्यावर बसली. मान्यवरांच्या डोक्यावर मांडव होता. परिसरातील तापमान सुमारे ३८ अंश असल्याचे सांगितले गेले. म्हणजे मथळा होण्याइतकाही तो आकडा मोठा नव्हता. सोहळ्याचे थेट प्रक्षेपण झाले. ज्या छायाचित्रांत जनसागराची भव्यता दिसत होती त्याच छायाचित्रांत सावलीचा अभावही दिसत होता. परंतु मरणाची वार्ता येईपर्यंत तो कोणी वाचला नाही. मृतांचा आकडा दिवसागणिक वाढत अखेर १४ वर गेला. मग बातमीने वळण घेतले ते राजकीय आरोप-प्रत्यारोपांकडे. शासनाने मदत जाहीर केली, समिती नेमली, आणि उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत मोकळ्या मैदानात कार्यक्रम घेऊ नयेत, असे ठरविले. निर्णय स्वागतार्ह होता. पण जे ऊन सोहळ्याला बसलेल्या माणसाला मारते ते त्याच मैदानाशेजारी खणती करणाऱ्या माणसाला सोडते काय, हा पुढचा प्रश्न बातमीने विचारायचा होता. तो ठळकपणे विचारला गेला नाही. सोहळ्याला वेळेचे बंधन आले. कामाचे काय, हे वाऱ्यावर राहिले.

आता या बातमीच्या भाषेकडे वळू. ‘सूर्य आग ओकतो आहे’, ‘उन्हाचा तडाखा’, ‘सूर्यदेव कोपले’. या वाक्यांचा कर्ता नेहमी सूर्य असतो. व्याकरणाच्या दृष्टीने यात वावगे काही नाही; नीतीच्या दृष्टीने मात्र फार मोठी सोय आहे. सूर्य कर्ता झाला की रस्त्याकडेची झाडे तोडणारा, पत्र्याच्या खोल्या भाड्याने देणारा, भर दुपारी स्लॅब टाकायला लावणारा ठेकेदार, पाण्याचा नळ न देणारी व्यवस्था, हे सर्व वाक्यातून अलगद बाहेर पडतात. सूर्यावर खटला भरता येत नाही. ‘लाहीलाही’ या शब्दाचेही तसेच. लाही ही फुटलेली, फुललेली, खाण्याजोगी वस्तू. तिची उपमा पहिल्यांदा ज्याने दिली त्याने शब्दाला जिवंतपणा दिला असेल, परंतु दरवर्षी त्याच जागी येऊन हा शब्द आता काहीच सांगेनासा झाला आहे. तापलेल्या माणसाला आधी चक्कर येते, मग घाम थांबतो, बोलणे असंबद्ध होते, शुद्ध हरपते. ही साधी, खरी वाक्ये कितीतरी अधिक उपयोगाची ठरली असती. कोणी वाचकाने ती वाचून शेजाऱ्याला वेळीच ओळखले असते.

आणि मग तो शब्द: ‘उष्माघाताचा बळी’. आपण ख्रिस्ती माणसे हा शब्द जपून उच्चारतो. मिस्साबलिदान हा आपल्या श्रद्धेचा गाभा आहे. बळी म्हटला की अर्पण करणारा असतो, आणि अर्पण कशासाठी झाले याचा हेतू असतो. नाक्यावरून कामाला गेलेला बिगारी संध्याकाळी परत आला नाही, तर त्याला कोणी अर्पण केले? कोणत्या वेदीवर? इमारतीची मुदत गाठण्यासाठी? बातमी हा शब्द वापरते, पण त्याने उभा केलेला प्रश्न सोडून देते.

सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट ती चौकट: दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडू नका, सैल सुती कपडे घाला, भरपूर पाणी, ताक, लिंबू सरबत घ्या. सल्ला योग्य आहे, वैद्यकशास्त्राला धरून आहे, त्याने जीव वाचतात. पण तो दिला कोणाला? ज्याला बाहेर न पडण्याची मुभा आहे त्याला. सकाळी नाक्यावर मुकादमाची वाट पाहणाऱ्या गवंड्याला हा सल्ला लागू होत नाही. तो घरी बसला तर चूल बसते. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला ‘घरात थांबा’ सांगणे तर क्रूर थट्टा आहे, कारण दुपारी तिचे घर रस्त्यापेक्षा तापलेले असते, आणि त्यातच तिला स्टोव्ह पेटवायचा असतो. रात्रीही तो पत्रा लवकर निवत नाही. रात्रीचे किमान तापमान हा खरे तर माणसाच्या विसाव्याचा आकडा. शरीराला रात्री गारवा मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशीचे ऊन दुप्पट भारी पडते. परंतु बातमीला दुपार हवी असते. रात्र तिला छायाचित्रासाठी निरुपयोगी.

संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. उशिरा आलेल्यांना धन्याने पूर्ण मजुरी दिली, तेव्हा पहाटेपासून राबलेल्यांनी तक्रार केली की, दिवसाचे ओझे आणि उन्हाचा ताप सोसला तो आम्ही. आपले प्रवचनकार धन्याच्या औदार्यावर भर देतात, तो योग्यच आहे. परंतु त्या दाखल्यात आणखी एक गोष्ट आहे. धनी दिवसातून पुन:पुन्हा बाजारात जातो. तिथे उभ्या असलेल्यांना विचारतो, तुम्ही का उभे आहात? ते सांगतात, आम्हाला कोणी कामावर लावले नाही. धनी जातो, पाहतो, विचारतो, ऐकतो. प्रभू येशूने नाक्यावरच्या मजुराला कथेत बोलायला लावले. उन्हाच्या आमच्या बातमीत तो छायाचित्रात असतो, बोलत नसतो.

याचे एक कारण असे की, बातमीला घटना लागते. दिनांक २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. दहाहून अधिक माणसे दगावली. सारे वार्ताहर धावत आले. ते यायलाच हवे होते. स्फोटाला आवाज असतो, धूर असतो, वेळ असते. उष्णतेला यांतले काहीच नाही. ती एका घरात आजोबांना नेते, दुसऱ्या घरात हृदयविकाराचे नाव धारण करते, तिसऱ्या ठिकाणी मूत्रपिंडावर हलके हलके काम करत राहते. पी. साईनाथ यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात (मराठीत ते ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने आले) दारिद्र्याविषयी हेच दाखवून दिले: वृत्तपत्रे घटना टिपतात, प्रक्रिया त्यांच्या हातून निसटते. उन्हाळा ही प्रक्रिया आहे. ठाणे महानगरपालिकेने २०२४ मध्ये उष्णतेच्या त्रासाला तोंड देण्यासाठी कृती आराखडा तयार केला. अशा आराखड्याच्या प्रकाशनाची बातमी होते. पुढल्या मे महिन्यात त्यातले किती पाणपोईपर्यंत पोहोचले, याची बातमी क्वचितच होते.

मग उन्हाने किती माणसे नेली हे कळावे कसे? यासाठी जगाने एक साधी रीत शोधली आहे. त्या दिवसांत एरवी जितके मृत्यू होतात त्यापेक्षा किती अधिक झाले, ते मोजायचे. अहमदाबादेत मे २०१० मध्ये असे १,३४४ अधिक मृत्यू झाल्याचे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. त्या आघातातून शिकून त्या शहराने २०१३ मध्ये दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा अमलात आणला. अमेरिकेतील शिकागो शहरात जुलै १९९५ च्या लाटेत ७३९ अधिक मृत्यू मोजले गेले. तेथील महापौरांनी सुरुवातीला शववैद्यकीय अधिकाऱ्याच्या आकड्यांवरच शंका घेतली होती. आकडे खरे ठरले. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने २००२ मध्ये या लाटेवर जे पुस्तक लिहिले त्यातील एक भाग वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांवर आहे, हे लक्षात घेण्याजोगे. त्याने आणखी एक गोष्ट दाखविली. शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांत ऊन सारखेच असता एकीत मृत्यू पुष्कळ झाले, दुसरीत फार थोडे. ज्या वस्तीत रस्ते गजबजलेले, दुकाने उघडी आणि चर्चचे येणेजाणे जागते होते, तेथे एकटी म्हातारी माणसे बाहेर पडत होती, दिसत होती, विचारली जात होती. दुसरीत ती बंद दारामागे राहिली.

वृत्तपत्रांवर सगळा दोष टाकून मोकळे होणे अन्यायाचे होईल. जिल्ह्याच्या पानासाठी लिहिणारा वार्ताहर स्वत:च त्या उन्हात दुचाकीवरून फिरतो. त्याला तुटपुंजे मानधन आणि दिवसाला अनेक बातम्या. काहींनी वीटभट्ट्यांवर, ऊसतोड्यांच्या पालांत जाऊन लिहिले आहे. आणि साचेबंद बातमी खपते ती आपण वाचक ती खपवून घेतो म्हणून. आपल्याला हवे असते ते आपल्या अस्वस्थतेचे प्रमाणपत्र: काल खरोखरच फार उकडले होते, हे छापून आलेले पाहण्याचे समाधान. ते मिळाले की आपण पंख्याखाली पान उलटतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसारमाध्यमांवरील आदेशपत्रात समाजाचा माहितीचा हक्क मान्य केला आणि ती माहिती सत्य व पूर्ण असावी, न्याय आणि प्रीती यांना धरून असावी, अशी अपेक्षा व्यक्त केली. ‘पूर्ण’ हा शब्द येथे महत्त्वाचा. पाऱ्याचा आकडा सत्य असतो. तो पूर्ण नसतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशासाठी फिलिपाने नथनेलला दिलेले ‘येऊन पाहा’ हे निमंत्रण घेतले, आणि कचेरीत संगणकासमोर बसून, रस्त्यावर न उतरता बातमी तयार करण्याच्या सवयीविषयी चिंता व्यक्त केली. जोडे झिजवल्याशिवाय सत्य हाती लागत नाही, असा त्यांचा आग्रह होता.

हा आग्रह केवळ पत्रकारांसाठी नाही. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात एक वही असते. धर्मसभेच्या कायदेसंहितेच्या ५३५ व्या कलमाने बाप्तिस्मा व विवाह यांच्याबरोबर मृत्यूचीही नोंदवही ठेवणे बंधनकारक केले आहे. कोणत्या तारखेला कोणाची अंत्यविधीची मिस्सा झाली, हे तिच्यात वर्षानुवर्षे नावानिशी लिहिलेले आहे. फादरांच्या अनुमतीने कोणी होतकरू तरुण-तरुणींनी गेल्या वीस वर्षांतील मार्च ते मे यांची पाने शेजारी ठेवून मोजली, तापलेल्या आठवड्यांतील नोंदी बाकीच्यांशी ताडून पाहिल्या, आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या चार-सहा धर्मग्रामांनी त्यांची बेरीज केली, तर काय दिसेल? एका धर्मग्रामाच्या नोंदी थोड्या. त्यांतून निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे. पण अनेकांच्या मिळून एक प्रश्न तरी उभा राहील आणि तो घेऊन वर्तमानपत्राच्या संपादकाकडे जाता येईल. ही पत्रे केवळ तक्रारीची नसतील. त्यांच्यासोबत आपण स्वत: मोजलेले काही असेल.

दुसरे काम त्याहून सोपे. संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद आणि लहान ख्रिस्ती समूहांचे कार्यकर्ते घरभेटी करतातच. उष्णतेचा इशारा आला की, त्या दिवशी दुपारी एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे दार ठोठवावे, धर्म न विचारता. आणि चर्चचे आवार, जेथे झाडे आहेत व नळ आहे, ते नाक्यावरच्या माणसांसाठी उघडे ठेवावे. तेथे बसलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारावेत: आज कुठे काम होते, पाणी मिळाले का? जे उत्तर येईल ते लिहून ठेवावे. उन्हाच्या बातमीत आजवर जे वाक्य आले नाही, ते बहुधा तेच असेल.